पाठवणीचा थाट आणि परतीची वाट

सोलापूर सोडून विजयपूरच्या वाटेला लागले, सीना ओलांडली, की काही वेळातच दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप येते. भीमा आणि सीना यांच्या मधला हा टापू काळ्या मातीचा. ज्वारी हे इथले जुने पीक, ऊस अलीकडचा. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले येथे पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. अशा गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी विद्यापीठात शिकावयास निघाली, की चौकात अभिनंदनाचा डिजिटल फलक लागतो, देवापुढे नारळ फुटतो, शाल-श्रीफळ होते. यात गैर काहीच नाही. ज्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते, त्या घरातील मुलाने समुद्र ओलांडणे ही साऱ्या गावाच्या अभिमानाची गोष्ट होय. मात्र तोच मुलगा दोन वर्षांनी पदवी घेऊन परतला, तर फलक लागत नाही. उलट पारावर दबक्या आवाजात विचारणा होते, “काय, तिकडं जमलं नाही वाटतं?”

हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण परदेशी शिक्षणाकडे पाहण्याची आपली सारी दृष्टी त्यात उतरली आहे. परदेशी शिक्षण देणाऱ्या संस्था आणि शिष्यवृत्ती देणारी मंडळे आपल्या माजी विद्यार्थ्यांची वार्ता वेळोवेळी छापत असतात. अमुक वर्षाचा विद्यार्थी आज अमुक कंपनीत, अमुक पदावर, अमुक शहरात. ही माहितीपत्रके चाळली तर मन सुखावते. परंतु त्या यादीत एक रकाना कधीच नसतो. हा विद्यार्थी ज्या मातीतून गेला तेथे परत येऊ इच्छित होता काय, आणि आला असता तर तेथे त्याच्यासाठी काही काम मांडून ठेवले होते काय, याची नोंद कोणी ठेवत नाही. विद्यार्थी परतत नाहीत म्हणून त्यांच्या देशप्रेमावर बोट ठेवणारे लेख आपण पुष्कळ वाचले आहेत. प्रस्तुत लेखकाला ती तक्रार अर्धवट वाटते. परतणाऱ्यासाठी जागा तयार ठेवण्याचे काम समाजाचे आणि शासनाचे आहे. ते जेथे झाले तेथे माणसे परतली, आणि जेथे झाले नाही तेथे परतलेलीही दुरावली. महाराष्ट्राचा इतिहास याची ठसठशीत साक्ष देतो.

रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले. पुढे साऱ्या साम्राज्यात त्यांना कोठेही मोठ्या वेतनाची जागा मिळाली असती. ते पुण्यास परतले आणि अल्प मानधनावर फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. पुढे दीर्घकाळ ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांची धर्मविषयक मते आपल्यापैकी बहुतेकांना रुचणार नाहीत, पण तो विषय वेगळा. त्यांच्या त्यागाचे गोडवे आपण गातो, ते योग्यच. मात्र त्या त्यागाला उभे राहण्यासाठी फर्ग्युसन नावाची एक संस्था अगोदरपासून उभी होती, हे विसरून चालणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ केली. दैवाने घात केला. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे देहावसान झाले आणि त्या जागेवर त्या कधीच बसू शकल्या नाहीत. पण विचार करावा, एकोणिसाव्या शतकातील एका मराठी संस्थानाला एवढी दूरदृष्टी होती, की मुलगी परतण्यापूर्वीच तिच्या कामाची खुर्ची मांडली गेली. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी सेवा केली. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्याच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कृष्णाबाई होत्या. हा निधी दान देत नाही, कर्जाऊ रक्कम देतो. विद्यार्थ्याने ती फेडावी आणि त्या पैशातून पुढचा विद्यार्थी जावा, अशी त्याची रचना आहे. राजा रामण्णा, के. आर. नारायणन आणि आपले जयंत नारळीकर हे याच निधीचे विद्यार्थी.

नारळीकर घराण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले ते पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून, आणि १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. मालवीयजी इंग्लंडात जात तेव्हाही त्यांचे डोळे आपल्या विश्वविद्यालयासाठी माणसे शोधत असत. पुत्र जयंत १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल यांच्यासमवेत केलेल्या संशोधनामुळे तिशीपूर्वीच जगप्रसिद्ध झाले. ते परतले १९७२ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्यानंतर १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मराठी विज्ञानकथा वाचून वाढलेल्या कित्येकांना घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. पित्यासाठी काशीत जागा होती, पुत्रासाठी मुंबईत होती. दोघांच्या मोठेपणाला या गोष्टीने उणेपणा येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती वाचताना मान खाली जाते, तरीही ती पुन:पुन्हा सांगितलीच पाहिजे.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार त्याच वर्षी जूनमध्ये झाला. म्हणजे जागा ठरलेली होती, राजा गुणग्राही होता आणि विद्यार्थी तर असा की शतकात एखादाच निपजावा. १९१५ मध्ये एम. ए., पुढच्या वर्षी भारतातील जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध, मग लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते कराराप्रमाणे बडोद्यास आले. काय झाले? कचेरीत शिपाई कागद दुरून फेकत. हिंदू खानावळीत वा वसतिगृहात थारा नव्हता. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले, आणि तेथेही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला तो तरुण शहराच्या बागेत झाडाखाली बसून रडला. बाबासाहेबांनी स्वत: हे लिहून ठेवले आहे. सयाजीरावांनी पद दिले, पण घर देणे एकट्या राजाच्या हाती नव्हते. ते समाजाच्या हाती होते आणि समाजाने दार लावून घेतले.

त्यानंतर सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या वेतनातून वाचविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून आले. विशेष असे, की बडोद्यात एवढे सोसूनही १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला. व्यक्तीच्या उपकाराचे स्मरण त्यांनी ठेवले. समाजाने मात्र आपल्या वागणुकीचा हिशेब दीर्घकाळ मांडलाच नाही. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने बडोद्याचे ते अकरा दिवस विसरू नयेत.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जपानने १८७१ मध्ये पाश्चात्त्य देशांत जे मोठे शिष्टमंडळ पाठविले त्यासोबत पाच मुलीही अमेरिकेस धाडल्या. त्यांतील सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. शिकून परतलेल्या मुलग्यांना जपान सरकारने खात्याखात्यांत सामावून घेतले आणि परदेशी तज्ज्ञांच्या जागा हळूहळू त्यांच्याकडे सोपविल्या. जपानच्या उत्कर्षाचे ते एक रहस्य. पण १८८२ मध्ये त्सुदा परतली तेव्हा मुलींना कोणते काम द्यावयाचे याचा विचारच कोणी केलेला नव्हता. मातृभाषा विसरलेली ती तरुणी वर्षानुवर्षे आपली जागा शोधत राहिली. अखेर १९०० साली तिने स्वत:च मुलींसाठी शाळा काढली. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. तेवढ्या सन्मानाला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

आजचे चित्र काय आहे? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा. इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि खुल्या प्रवर्गासाठीही पुढे योजना आल्या. सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीरावांच्याच नावाने ७५ जागांची योजना २०२३ मध्ये निघाली. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही ती खुली आहे, ही गोष्ट आपल्या गावांत फारशी कोणाला ठाऊक नसते. मात्र या दोन्ही वर्गांना मिळून साऱ्या देशात जागा आहेत चार!

या केंद्रीय योजनेच्या नियमांत २०२२ मध्ये एक बदल झाला. भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील अभ्यासासाठी परदेशी जाणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ठरले. भारताविषयीचे साहित्य आणि जाणकार भारतातच आहेत, हा त्यामागचा युक्तिवाद. वरवर पाहता तो स्वदेशी वाटतो आणि आपल्यापैकी अनेकांना पटेलही. पण कोलंबियात आंबेडकरांनी जातिसंस्था आणि भारताची अर्थव्यवस्था हेच विषय घेतले होते. परदेशी विद्यापीठांत भारतावर जे लिहिले जाते ते एकांगी असते, अशी तक्रार आपण नित्य करतो. मग तेथे बसून तेच विषय अभ्यासणारी, खेड्यातून आलेली आपली मुले नकोत, हे कसे? या नियमाचा फेरविचार व्हावयास हवा असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शिष्यवृत्ती थोड्यांना मिळते. उरलेले कर्ज काढून जातात. येथे शेतकरी कुटुंबाची जी कोंडी होते तिच्याकडे शहरी वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शैक्षणिक कर्ज सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. परदेशी शिक्षणाचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. आणि तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण कर्ज थकल्यास ज्या कायद्याने तारण जप्त करावयाचे त्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच ती तरतूद आहे, हे मान्य. परिणाम मात्र असा, की पुण्यात दोन खोल्यांची सदनिका असलेल्याच्या मुलाला कर्ज मिळते आणि मंद्रूप शिवारात दहा एकर बागायत असलेल्याच्या मुलाला मिळत नाही. मग जमिनीचा एखादा तुकडा विकला जातो, किंवा पाहुण्यांकडून हातउसने होते. असा मुलगा डॉलरमध्ये पगार मिळेपर्यंत परतण्याचा विचार तरी कसा करील? त्याला देशप्रेमाचे धडे देण्यापूर्वी त्याच्या बापाचा सातबारा पाहावा.

आणि आता तर परतणे हा निवडीचाही प्रश्न राहिलेला नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादण्याची घोषणा केली. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ब्रिटनने शिक्षणानंतर तेथे राहण्याची दोन वर्षांची मुदत दीड वर्षावर आणण्याचे ठरविले. पाहुण्याला घरातून काढण्याचा यजमानाला अधिकार आहेच, त्याबद्दल रडून उपयोग नाही. हजारो शिकलेली मुले, काही मनाने आणि काही नाइलाजाने, येत्या काही वर्षांत परत येणार. त्यांतील काही सोलापूर जिल्ह्यातीलही असतील. त्यांना आपण कोठे बसविणार?

जिल्ह्यातलेच एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढे अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यासाठीच्या रजेवरून जिल्हा परिषदेत वाद उभा राहिला. अखेर शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातले तेव्हा रजा मंजूर झाली. त्या वादात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. शिक्षक दीर्घकाळ वर्गाबाहेर राहिला तर मुलांचे नुकसान होते, हा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही. पण एका शिक्षकाच्या अभ्यासरजेसाठी मंत्र्यांना हस्तक्षेप करावा लागतो, याचा अर्थ आपल्या कार्यालयीन चौकटीत अशा माणसासाठी घरच आखलेले नाही. फुलब्राइटवर जाणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहिलेच पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या कायद्यातच आहे. म्हणजे पाठविणारा देश विसरला तरी घेणारा देश आठवण ठेवतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे पाण्याचे शिक्षण देणारी एक संस्था १९५७ पासून आहे. नोकरीत असलेले अभियंते तेथे आपापल्या देशांतून येतात, वर्षा-दीड वर्षात शिकतात आणि बहुधा आपल्याच खात्यात परत रुजू होतात. त्यांना परतल्यावर जागा शोधावी लागत नाही, कारण जागेवरूनच ते गेलेले असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. ज्या नदीला एरवी पाण्यासाठी डोळे लावावे लागतात तिने पिके आणि माती दोन्ही खरवडून नेली. या खोऱ्याचा अभ्यास करणारा, येथील भाषा आणि शिवार जाणणारा जलतज्ज्ञ आपल्याला हवा आहे की नाही? हवा असेल, तर पाटबंधारे खात्यातील एखाद्या तरुण अभियंत्याला पाठवून पुन्हा त्याच खोऱ्यात नेमण्यास अडचण कोणती?

काही दारे उघडली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे वर्षानुवर्षे दोन वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानली जात नव्हती. मुले शिकून येत आणि येथे नोकरीच्या अर्जात अपात्र ठरत. जुलै २०२२ च्या करारानंतर ती अडचण दूर झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी स्वतंत्र नियमावली काढली. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल तर साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट परीक्षेची अट नाही, हा नियम २०१८ पासूनच आहे. सोलापूर जिल्ह्याला २००४ पासून स्वत:चे विद्यापीठ आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे. नियम आहेत, विद्यापीठ आहे. तथापि प्राध्यापकांच्या जागा वेळेवर भरल्या जाणार नसतील, तर परतलेला संशोधक तासिका तत्त्वावर किती काळ तग धरणार?

शासनाचे काम शासन करील तेव्हा करील. गावपातळीवर आपल्या कार्यकर्त्यांना आजच करता येण्यासारखे काम अगदी साधे आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. मंद्रूप आणि आसपासच्या गावांतून परदेशी शिकावयास गेलेल्या प्रत्येक मुलामुलीची नोंद एका वहीत असावी. कोणता विषय, कोणते विद्यापीठ, कर्ज किती, शिक्षण कधी संपणार. त्यापुढे त्या विषयाचे काम जिल्ह्यात कोठे आहे, कोणत्या कारखान्यात, महाविद्यालयात, रुग्णालयात, सहकारी संस्थेत, आणि तेथे कोणाशी बोलावयाचे. मुलगा परतण्याच्या सहा महिने आधी त्या ठिकाणी एखाद्या जाणत्याने जाऊन बोलणी करावीत. शहरात आठवडाभर राहावयाचे असेल तर कोणाच्या घरी, हेही त्या वहीत लिहिलेले असावे, आणि ते घर कोणत्याही जातीच्या मुलाला उघडे असले पाहिजे. नव्या मुलांसाठी दुसरा भाग : राजर्षी शाहू, सारथी आणि केंद्रीय शिष्यवृत्ती यांच्या अर्जांच्या तारखा, उत्पन्नाचा व जातीचा दाखला तहसीलमधून किती दिवसांत मिळतो, आणि आधी जाऊन आलेल्यांपैकी कोणास विचारावे. पुढील वर्षीच्या अर्जांचे दाखले काढावयास दिवाळीनंतरच सुरुवात करावी लागेल.